आरडीएक्स : बालेवाडीतली बारा आठवड्यांची टोळी

इतिहासाच्या व्याख्यानात टीव्हीवरची कुस्ती कुठून आली, म्हणून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. आधीच सांगून टाकतो, आज ज्या टोळीविषयी आम्ही बोलणार आहोत तिने कुणाचा खून केला नाही, कुणाची जमीन लाटली नाही. तिने जी काही दुष्ट कामं केली ती ठरवून, दिव्यांच्या झोतात, कॅमेऱ्यासमोर केली. २०१२ च्या जानेवारीअखेर एक कार्यक्रम सुरू झाला, त्यात ही टोळी उभी राहिली, आणि २२ एप्रिलला तो कार्यक्रम संपला तेव्हा तीही संपली. नाव आरडीएक्स. मुक्काम बालेवाडी. इथून वारजे, चांदणी चौक करत गेलात तर रहदारीच्या कृपेने तासाभरात पोचाल.

त्या कार्यक्रमाचं नाव 'रिंग का किंग'. इथे बसलेल्या तरुण मंडळींपैकी काहींनी शाळेत असताना तो पाहिलाही असेल. अमेरिकेत टीएनए नावाची कुस्तीची कंपनी आहे. जेफ जॅरेट आणि त्याचे वडील जेरी जॅरेट यांनी ती २००२ मध्ये काढली. डब्ल्यूडब्ल्यूईच्या मानाने धाकटी पाती. भारतात गल्लोगल्लीची पोरं डब्ल्यूडब्ल्यूई बघतात, मग आपणही इथे शिरावं, आणि तेही अमेरिकेतले भाग हिंदीत ऐकवून नव्हे, तर इथेच रिंग बांधून, असा त्यांचा बेत. डिसेंबर २०११ मध्ये घोषणा झाली. एंडेमॉल इंडियाने निर्मिती केली, कलर्स वाहिनीने शनिवार-रविवारची जागा दिली, जाहिरातीला हरभजन सिंग. एकूण २६ भाग. आणि चित्रीकरणासाठी निवडली आपली शिवछत्रपती क्रीडानगरी, तिथला बॅडमिंटन हॉल. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभी राहिलेली, २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धा पाहिलेली ही जागा. तिथे दोरांची चौकट लागली, धूर सोडला, गाणी लावली आणि टोळीयुद्ध सुरू झालं.

टोळीत कोण होतं? म्होरक्या खुद्द जेफ जॅरेट, म्हणजे कंपनीचा संस्थापकच. हा गडी प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यात गिटार फोडण्यासाठी प्रसिद्ध. दुसरा स्कॉट स्टायनर, दंड एवढे की सदरा शिवणाऱ्याने हात टेकावेत. हा मिशिगन विद्यापीठाकडून खरीखुरी कुस्ती खेळलेला माणूस होता, हे लक्षात ठेवा. तिसरा एबिस, चेहऱ्यावर मुखवटा. चौथा इंग्रज, सर ब्रुटस मॅग्नस. शिवाय सोंजय दत्त, हा भारतीय वंशाचा अमेरिकन. आणि डेडली डंडा. नावावर हसू नका, असल्या नावांचाच तो धंदा आहे.

आता या धंद्याची थोडी परिभाषा सांगायला हवी, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. तिकडे नायकाला 'फेस' म्हणतात, खलनायकाला 'हील'. कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं. ते ठरलेलं आहे हे बाहेर बोलायचं नाही, या कुळाचाराला 'केफेब' असा शब्द आहे. हा कुळाचार कागदोपत्री मोडला तो १९८९ मध्ये. त्या वेळच्या डब्ल्यूडब्ल्यूएफने न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे सांगून टाकलं की बाबांनो, आमचा हा खेळ नाही, मनोरंजन आहे. खेळ म्हटलं की सरकारी नियंत्रण आलं, त्याचे पैसे आले. तेव्हा पैसे वाचवायला खरं बोलले. आपल्याकडे मात्र ९० च्या दशकात केबल आली तेव्हा हे कुणी आपल्याला सांगितलं नाही. पोरं ते पत्ते जमवायची, अंडरटेकरची उंची, छाती, दंड, रँक, आणि त्यावरून खरीखुरी भांडणं व्हायची. त्या पत्त्यांवर कुणीही 'नायक' किंवा 'खलनायक' असं छापलेलं नसायचं, तरी प्रत्येक पोराला ते पाठ असायचं. ते कसं पाठ झालं, याच्यातच आजच्या विषयाची किल्ली आहे.

खलनायकाची टोळी हा अमेरिकन कुस्तीतला जुना आणि हमखास चालणारा प्रयोग. ८० च्या दशकात रिक फ्लेअर आणि मंडळींची 'फोर हॉर्समेन' होती. पण सगळ्यात गाजली ती १९९६ ची 'न्यू वर्ल्ड ऑर्डर', एनडब्ल्यूओ. स्कॉट हॉल आणि केविन नॅश हे दोघे एका कंपनीतून दुसरीत आले आणि आम्ही हे घर ताब्यात घ्यायला आलोय असं सांगू लागले. तिसरा साथीदार कोण, हे गुपित. ७ जुलै १९९६ ला हल्क होगन मैदानात आला. लोकांना वाटलं, वाचवायला आला. तो त्या दोघांना जाऊन मिळाला. प्रेक्षकांनी रिंगमध्ये कचरा फेकला, अक्षरशः कचरा, पेले, बाटल्या, जे हाताला लागेल ते.

हा कचरा कुठून आला याचा विचार करा. होगन जानेवारी १९८४ मध्ये पहिल्यांदा मोठा विजेता झाला. तेव्हापासून बारा वर्षं तो लेकरांना सांगत होता, व्यायाम करा, जीवनसत्त्वं घ्या, देवाची प्रार्थना करा. बारा वर्षांची जमा होती ती. त्या एका रात्री त्याने ती सगळी उधळली, आणि ती उधळताना जो आवाज झाला त्यावर एनडब्ल्यूओ पुढे कित्येक वर्षं जगली. वाईटपणा मुळात त्या तिघांच्या वागण्यात नव्हताच. प्रेक्षकांच्या मनात बारा वर्षांचं प्रेम साठलेलं होतं, वाईटपणा त्यातून तयार झाला. जॅरेट आणि स्टायनर दोघेही त्या एनडब्ल्यूओच्या वेगवेगळ्या अवतारांत राहून गेलेले. स्टायनर तर १९९८ मध्ये सख्ख्या भावाला दगा देऊन तिच्यात गेला. त्यामुळे बालेवाडीत टोळी उभी करायची म्हटल्यावर नमुना कुठून आला, हे वेगळं सांगायला नको. कारागीर पक्के होते. मग घडलं काय?

घडलं असं की जमा शून्य होती. कार्यक्रम २८ जानेवारीला सुरू झाला. टोळी काही आठवड्यांतच उभी राहिली. प्रेक्षकाने अजून कुणावर प्रेमच केलेलं नाही, आणि तुम्ही त्याला सांगताय की हे बघा, किती वाईट झालं! शेजारच्या घरातलं भांडण भिंतीला कान लावून ऐकावं, पण कोण सून आणि कोण सासू तेच माहीत नसावं, तसं ते झालं. त्यात टीव्हीचं गणित वेगळं. पुण्यात एकेका मुक्कामात बरेच भाग एकापाठोपाठ चित्रित करायचे आणि मग आठवड्याला दोन या हिशेबाने दाखवायचे. अमेरिकेत ही मंडळी आज इथे, उद्या तिथे अशी गावोगाव फिरतात, लोकांनी कुठे शिट्टी मारली, कुठे जांभई दिली, हे पाहून पुढच्या आठवड्याची गोष्ट बदलतात. इथे प्रेक्षकाची जांभई घरी टीव्हीपुढे. ती बालेवाडीपर्यंत पोचेतो पुढचा भाग डब्यात बंद झालेला.

मग राग आणायचा कुठून? तो उसना आणला. दोन ठिकाणांहून आणला असं आम्हाला वाटतं.

पहिलं ठिकाण म्हणजे परकेपणा. जॅरेट, स्टायनर, एबिस हे अमेरिकन, मॅग्नस इंग्रज. त्याच्या नावामागे 'सर' लावलं. ही पदवी ऐकली की आपल्याकडे काय आठवावं हे ठरलेलं आहे. शिवाय ब्रुटस, म्हणजे सीझरच्या पोटात सुरा खुपसणारा. एका नावात साहेबही बसवला आणि दगाबाजही. दुसऱ्या बाजूला पंजाबचा महाबली वीरा. म्हणजे कथा 'लगान'ची. ही कथा आपल्याकडे कधीच पडत नाही, पण ती सांगण्यात एक घोटाळा झाला. पहिली स्पर्धा होऊन किताब मिळाला तो मॅट मॉर्गनला. अंतिम लढतीत त्याने याच मॅग्नसला हरवलं. मॉर्गन सात फुटी, देखणा, आणि तोही अमेरिकन! म्हणजे परक्यांच्या टोळीशी आपल्या वतीने लढणारा मुख्य वीरही परकाच. पुढे टोळीच्या मदतीने किताब मॅग्नसकडे गेला, जोडीचा किताब एबिस आणि स्टायनरकडे गेला, सगळी सत्ता एका घरात आली. आणि महाबली वीरा? तो खऱ्या अर्थाने नायक झाला अगदी शेवटी. 'लगान'मध्ये भुवन शेवटच्या वीस मिनिटांत उगवला असता तर काय झालं असतं, याची कल्पना करा.

सोंजय दत्तचं मला, म्हणजे आम्हाला, जास्त नवल वाटतं. सगळ्या टोळीत खरा दारूगोळा तोच होता. दिसायला आपला, नाव आपलं, बसला मात्र साहेबांच्या पंगतीत. मराठी माणसाला शत्रूपेक्षा फितूर जास्त झोंबतो. आपल्या भाषेत फितुरी या एका शब्दाला जेवढं वजन आहे तेवढं दुश्मनीला नाही. गडाचा दरवाजा आतून उघडला, ही आपल्याकडची सगळ्यात भीतिदायक गोष्ट. शाहिरांनी पोवाड्यांतून, आज्यांनी चुलीपुढे ती सांगितलेली. हा धागा हातात असताना त्या कार्यक्रमाने त्याला टोळीच्या मागच्या रांगेत ठेवलं. पुढे उभे राहिले ते दंडवाले. आमच्या मते ही सगळ्यात मोठी संधी वाया गेली. लिहिणाऱ्यांना हिंदी येत असेल, पण इथला राग कुठे राहतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

दुसरं ठिकाण म्हणजे नाव. आरडीएक्स. इथे जरा थांबू या.

खडकवासल्यात हा शब्द काही परका नाही. आपल्या गिरीनगरात शस्त्रास्त्र तंत्रज्ञानाची संस्था आहे, पूर्वीची इन्स्टिट्यूट ऑफ आर्मामेंट टेक्नॉलॉजी, आताची डीआयएटी. तिथे स्फोटकं हा अभ्यासाचा विषय. धरणाकाठी एनडीए. पाषाणला, खडकीला जा, तिथेही हेच. त्यामुळे इथल्या कित्येक घरांत हा शब्द वडिलांच्या नोकरीचा भाग म्हणून आला असेल. उरलेल्या महाराष्ट्राला तो कळला १२ मार्च १९९३ ला. त्या शुक्रवारी मुंबईत एकामागून एक स्फोट झाले, २५७ माणसं गेली, आणि रायगड किनाऱ्यावर शेखाडीला काय उतरवलं होतं ते पेपरात वाचताना आपण ही तीन अक्षरं शिकलो. वाण्याच्या दुकानात, एसटीत, सगळीकडे तीच अक्षरं. मग १३ फेब्रुवारी २०१० ला कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत स्फोट झाला. १७ जण गेले. बालेवाडीत या टोळीचं नाव पुकारलं जात होतं तेव्हा त्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती. आणि कार्यक्रम संपून तीन-सव्वातीन महिने होतात तोच, १ ऑगस्ट २०१२ ला, जंगली महाराज रस्त्यावर पुन्हा स्फोट झाले. ते कमी ताकदीचे होते म्हणून निभावलं.

म्हणजे बघा, या शहराच्या दोन स्फोटांच्या मधल्या काळात, याच शहरात, शनिवार-रविवारी एक टोळी आरडीएक्स या नावाने टाळ्या आणि शिव्या घेत होती.

कुणाच्या भावना दुखावल्या वगैरे आम्हाला म्हणायचं नाही. हिंदी सिनेमाने हे नाव आधीच हलकं करून ठेवलं होतं. २००७ च्या 'वेलकम'मध्ये फिरोज खानने आरडीएक्स नावाचा गुंड रंगवला होता आणि थिएटरं हसली होती. तेव्हा नाव ठेवणाऱ्याच्या डोक्यात मुंबई नसेल, 'वेलकम' असेल, हे सहज शक्य आहे. आमचा आक्षेप निराळा आहे. खलनायकाचं नाव त्याच्या करणीने जड व्हावं लागतं. नाव आधीच जड असलेलं घेतलं तर दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर प्रेक्षकाला खरी आठवण येते आणि खेळ बाजूला पडतो, किंवा आठवण येत नाही आणि नाव पोकळ वाजतं. बालेवाडीत दुसरी गोष्ट झाली. पुण्याच्या माणसाला आरडीएक्स ऐकून एबिसची भीती वाटली नाही. वाटणार कशी? त्याला खरी भीती माहीत होती.

आता जरा आपल्या फडाकडे वळू. कारण हा कार्यक्रम जिथे झाला त्या मुलखात कुस्ती आधीपासून नांदत होती, आणि तिच्यात खलनायक नाही. तुम्ही म्हणाल, नाही कसा? आठवून बघा. चैत्र-वैशाखात जत्रेचा दुसरा दिवस, दुपारचं ऊन कलतं, हलगी कडाडते. आधी रेवड्यांवरच्या कुस्त्या, लंगोट सावरत आलेली बारकी पोरं. मग नारळाच्या, मग शंभराच्या, पाचशेच्या, हजाराच्या, असं करत दिवेलागणीला मानाची कुस्ती. जोड लावायला गावचे जाणते. बाहेरगावचा मल्ल आला तर तो पाहुणा. त्याने आपल्या पोराला आस्मान दाखवलं तरी त्याला फेटा बांधतात, तो आखाड्याभोवती फिरतो तेव्हा लोक नोटा देतात. प्रतिस्पर्धी वाईट असावा लागत नाही. तो तगडा असला म्हणजे झालं. फडात लोक खवळतात ते दोनच कारणांनी. एक, कुस्ती नुरा निघाली. दोघे आधी ठरवून आलेत, नुसती खडाखडी चाललीय, इनाम वाटून घेणार आहेत. असा वास आला की मागच्या रांगेतून आवाज येतो, सोडवा रे ती, आणि पुढचं इथे माईकवर सांगण्यासारखं नसतं. दुसरं कारण, पंच.

लक्षात येतंय का? अमेरिकन कुस्ती ज्या पायावर उभी आहे, म्हणजे निकाल आधी ठरलेला असणं, तोच आपल्या फडातला सगळ्यात मोठा गुन्हा आहे. आपल्याकडे खलनायक आहे, पण तो लंगोट घालत नाही.

या व्यवस्थेला संघटनेचं रूप देणारा माणूस आपल्याच खोऱ्यातला. मामासाहेब मोहोळ, मुळशी तालुक्यातल्या मुठे गावचे. टेमघरचं पाणी मुठ्यावरून येतं आणि आपल्या धरणात उतरतं, इतकं हे नातं जवळचं. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद त्यांनी १९५३ मध्ये स्थापन केली. महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा १९६१ ची, औरंगाबादला. (१९६१ म्हटल्यावर या सभागृहातल्या थोरांना दुसरंच काही आठवणार. १२ जुलैला पानशेत गेलं, पाठोपाठ आपलं खडकवासलाही गेलं. पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.) आजही विजेत्याला मिळणारी चांदीची गदा मामासाहेबांच्या स्मरणार्थ मोहोळ घराण्याकडून दिली जाते. आणि बालेवाडीत आरडीएक्स दंगा घालत होती त्या सुमाराला महाराष्ट्र केसरीवर नाव कोरत होता नरसिंग यादव, २०११, २०१२, २०१३, लागोपाठ तीन वर्षं. अशी गदा खांद्यावर घेतलेला एकही मल्ल 'रिंग का किंग'च्या मुख्य कथेत नव्हता. पुण्यात येऊन रिंग बांधली, आणि पुण्याच्या तालमींचं दार वाजवलं नाही. वाजवलं असतं तरी वस्तादांनी उघडलं असतं का, हा प्रश्न आहेच. आम्हाला वाटतं, नसतं उघडलं. ज्याने उमर घालवून पोराला सांगितलं की पाठ मातीला लागू देऊ नकोस, तो त्याच पोराला ठरवून पाठ टेकायला कसा पाठवेल?

पंचाचं म्हणाल तर ताजं उदाहरण घ्या. अमेरिकन टोळ्यांचं रोजचं काम काय? पंचाचं लक्ष नसताना दगा करायचा, आणि गरज पडली तर पंचालाच आडवा करायचा. दर आठवड्याला कुठला ना कुठला पंच आडवा होतो, पुढच्या आठवड्यात शर्ट इस्त्री करून परत येतो. आणि आपल्याकडे? २ फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगर. महाराष्ट्र केसरीच्या उपांत्य लढतीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निकाल पंचांनी दिला. पाठ टेकलीच नाही, असं शिवराजचं म्हणणं. वाद वाढला, त्याने पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. दोन वेळचा महाराष्ट्र केसरी तो. त्याच संध्याकाळी अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडनेही निर्णयावर नाराज होऊन मैदान सोडलं, आणि पृथ्वीराज, हाही मुठ्याचाच, विजेता ठरला. राक्षे आणि गायकवाड दोघांवर तीन वर्षांची बंदी घातली गेली. बंदी बरोबर की चूक, पाठ टेकली होती की नाही, यावर आजही पारावर दोन तट पडतात. आमचं म्हणणं एवढंच, की एका लाथेची किंमत एके ठिकाणी पुढचा आठवडा, दुसऱ्या ठिकाणी मल्लाच्या उमेदीची तीन वर्षं. हाच प्रेक्षक उठून बालेवाडीतला लुटुपुटूचा पंच बघतो, तेव्हा त्याला हसू येतं.

कुणी म्हणेल, म्हणजे मराठी माणसाला खोटं चालत नाही. तसं अजिबात नाही! कोकणात दशावतार बघा. राक्षस मरणार हे पहिल्या सोंगापासून ठाऊक असतं, तरी पहाटेपर्यंत माणूस हलत नाही. आणि खलनायक म्हणाल तर निळू फुले, आपल्या पुण्याचेच. १९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी'पासून पुढे 'पिंजरा', 'सामना' करत त्यांनी पाटील आणि पुढारी असे काही रंगवले की गावोगावच्या बायाबापड्या त्यांना समोर बघून बोटं मोडायच्या, असं सर्रास सांगतात. माणूस प्रत्यक्षात सेवादलाचा, चळवळीतला, अत्यंत सभ्य. तरी शिव्या खाल्ल्या. कारण त्यांनी रंगवलेला पाटील त्या बायांनी पाहिलेला होता. वाड्यावर बोलावणारा, धोतराचा सोगा सावरत तिरकस बघणारा माणूस अर्ध्या महाराष्ट्राच्या ओळखीचा होता. निळूभाऊंनी राग उसना आणला नाही, आधीच साचलेल्या रागाला तोंड दिलं. तेही एका सिनेमात नाही, वर्षानुवर्षं.

ठरवून लढलेली कुस्तीही आपल्याकडे रुजली होती, पण मुंबईत, आणि फ्रीस्टाइल या नावाने. दारासिंग आणि किंग काँग. किंग काँग हा मध्य युरोपातून आलेला अगडबंब पैलवान. तो ३० च्या दशकापासून इकडे येत होता, मग सिनेमातही गेला. मुंबईच्या प्रेक्षकाला तो वर्षानुवर्षं दिसत राहिला, म्हातारा होईपर्यंत, आणि त्याच्यासमोर दारासिंग मोठा होत गेला. १९६८ मध्ये दारासिंगने मुंबईत लू थेझला हरवलं तेव्हा लोकांनी त्याला जगज्जेता मानलं, आणि त्या मानण्यामागे दीड-दोन दशकांची ओळख होती. त्या खेळाला एकच खलनायक पुरला, टोळी लागली नाही. बालेवाडीला सहा जण लागले आणि तरी कमी पडले.

शेवट कसा झाला तो सांगतो आणि थांबतो. २२ एप्रिल २०१२, रविवार. दोन दिवसांवर अक्षय्य तृतीया, खेड्यांतून जत्रांचे फड भरात. टीव्हीवर महाबली वीराने सर ब्रुटस मॅग्नसला हरवून किताब घेतला. साहेब गेला, आपला आला, टोळी मोडली. दुसरं पर्व आलं नाही. त्यामुळे वीरा त्या किताबाचा शेवटचा मानकरी ठरला. मॅग्नस अमेरिकेत परतला आणि २०१३ अखेर टीएनएचा जागतिक किताब घेणारा पहिला ब्रिटिश झाला. जॅरेट पुढे टीएनएतून बाहेर पडला, दुसरी कंपनी काढली. सोंजय दत्त पडद्यामागे गेला, दुसऱ्यांच्या लढती बसवण्याच्या कामात नावाजला.

(व्याख्यानानंतर झालेल्या प्रश्नोत्तरांतील दोन प्रश्न.)

श्रोता : सर, आमची नातवंडं हे अजून मोबाईलवर बघतात आणि गादीवर एकमेकांना आपटतात. त्यांना खोटं आहे म्हणून सांगावं का?

वक्ते : आजोबा, त्यांना ते ठाऊक असतं. आपल्याला वाटतं त्यापेक्षा फार लवकर कळतं. पण पडणं खोटं नसतं, हे मात्र नक्की सांगा. निकाल ठरलेला असला तरी पाठ खरोखरच आपटते. या धंद्यातल्या माणसांचे गुडघे, माना, कंबरा चाळिशीत कामातून जातात. पडायचं कसं हे शिकायला त्यांना वर्षं लागतात, आणि खाली स्प्रिंगची फळी असते. तुमच्या गादीखाली फरशी आहे. हात मोडायचाच असेल तर नातवाला तालमीत घाला, तिथे निदान वस्ताद बसवतो तरी.

श्रोता : त्या महाबली वीराचं पुढे काय झालं?

वक्ते : टीएनएने त्याला अमेरिकेत नेलं. पुढे तो महाबली शेरा म्हणून ओळखला गेला. पण तिथे तो पहिल्यांदा लोकांपुढे आला तेव्हा नाव शेरा नव्हतं, 'खोया' होतं, आणि त्याला नायकही केलं नव्हतं. जेम्स स्टॉर्म नावाच्या पैलवानाची 'द रेव्होल्यूशन' म्हणून एक खलनायकांची टोळी होती, तिच्यात घातलं त्याला. त्याच टोळीत, मुखवटा तोच, एबिसही होता.